न फुटलेल्या पाइपाची थप्पड

लोक म्हणतात, परबने तुझा जीव वाचवला. साफ खोटं आहे. पाइप फुटलाच नव्हता. फुटला असता आणि मी वाचलो असतो, तर परबचा फोटो ऑफिसात लावून मी रोज हार घातला असता. पण त्या दिवशी वीस किलोच्या प्रेशरला तो सहा इंची पाइप जसाच्या तसा राहिला, फाटला तो माझा खालचा ओठ. माझ्या यार्डात, माझ्या माणसांसमोर. आता ह्याला जीव वाचवणं कसं म्हणायचं?

माझं यार्ड विक्रोळीला, खारफुटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतले जुने लोखंडी पाइप मी उचलतो, गंज काढतो, लाल रंग मारतो आणि सोसायट्यांच्या आग विझवायच्या लाइनींना पुरवतो. हातगाडीपासून सुरुवात केली. समोरचा शंभर म्हणाला की मी चाळीस म्हणतो आणि चपला घालायला लागतो. ह्या धंद्यात मला वाकवणारा माणूस जन्मला नाही असं मी म्हणत असे. मग परब आला.

परब म्हणजे पाइप तपासणारा. सोसायटीचा सल्लागार त्याला पाठवायचा. त्याने पास म्हटलं तर माल जायचा, नापास म्हटलं तर पडून राहायचा. मूळचा कुडाळकडचा, राहायला भांडुपला. उंची बेताची, मान जवळजवळ नाहीच, आणि तळहात एवढा रुंद की चहाचा ग्लास त्यात दिसायचा नाही. तसा आमचा चहा तो प्यायचाच नाही. "चहा प्यायलो की पाइप जाड दिसता," म्हणायचा आणि स्कूटरच्या डिकीतून स्वतःची बाटली काढायचा.

डिकीत आणखी पाच वस्तू असत. हातोडी, खडू, जाडी मोजायचं यंत्र आणि जुन्या पंचात गुंडाळलेली दोन प्रेशर गेजं. दोन कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"एक पंपाला, एक पाइपाला."

"पाणी तर एकच ना साहेब?"

"मधे वाल्व हा. वाल्वच्या अलीकडे काय चाललाय ता पलीकडच्याक माहीत नसता. तू बायकोन विचारल्याशिवाय सांगतस तुझ्या पोटात काय चाललाय?"

तो पाइपाशेजारी उकिडवा बसायचा, हातोडीने हळू ठोकायचा आणि उजवा कान खाली न्यायचा. डावा कान ठार बहिरा होता. त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून आम्ही त्याला भरपूर शिव्या दिल्या आहेत. ठोकता ठोकता तो थांबायचा आणि खडूने गोल काढायचा. यंत्र लावून पाहिलं की त्या गोलात जाडी हमखास कमी निघायची.

मी घासाघीस करायला जायचो. "साहेब, तीन पॉइंट सहा आहे. चार धरा ना."

"मी धरीन रे. पाण्याक सांग धरूक."

इथपर्यंत ठीक. पण परब नापास पाइपावर नुसती फुली मारून जाणाऱ्यातला नव्हता. तो घण मागवायचा आणि पाइपाचं तोंड ठेचून टाकायचा. आठ-दहा घाव. लोखंड असं किंचाळायचं की रस्त्यावरची कुत्री उठून पळायची. तोंड चपटं झालं की तो पाइप कुठेच जोडता येत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही. माझ्या मालकीची वस्तू, माझ्याच घणाने! मी एकदा ओरडलो, "नापास करायचं काम आहे तुमचं, खून करायचं नाही!" तो घाम पुसत म्हणाला, "नापास झालेलो उद्या बोरीवलीक पास होता. मेलेलो खंय जाता?"

बोरीवलीचंही सांगतो, म्हणजे माणूस कळेल.

नॅशनल पार्कच्या अंगाला एक नवा टॉवर उभा राहत होता. पाइप माझे होते, म्हणून मीही गेलो होतो. टँकर आला नव्हता. पाणी नाही म्हणून प्लंबिंगच्या सुपरवायझरने कॉम्प्रेसर लावून लाइनीत हवा भरली होती आणि त्याची माणसं सांध्यांना साबण लावून बुडबुडे शोधत होती. सगळीकडे असंच करतात. स्कूटर लावता लावता परबने त्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

मला वाटलं, आता हा धावत जाणार. पण नाही. तो एकेक पाऊल टाकत गेला. आधी मेन स्विच पाडला. मग साबणवाल्या माणसांना बोटानेच जिना दाखवला. तो चेहरा बघून कुणी का म्हणून विचारलं नाही. मग त्याने शेवटचा वाल्व अगदी केसाएवढा उघडला. हवा शिट्टी मारत जायला लागली आणि परब गेजसमोर उभा राहिला. दहा-बारा मिनिटं. सुपरवायझर मागून बडबडत होता, "ओ काका, काय नाटक आहे? वेळ जातोय." परबने मान वळवली नाही. काटा शून्यावर टेकला. त्याने गेजवर दोनदा टिचकी मारून खात्री केली.

आणि मग फिरला.

हातोडीच्या पहिल्या घावात त्याने कॉम्प्रेसरचं गेज फोडलं, दुसऱ्यात पट्ट्याचं चाक. रबरी नळी उपसली आणि तिनेच सुपरवायझरला बदडायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, हात मधे आला तर हातावर. तो माणूस सिमेंटच्या गोण्यांमागे लपला, तर परबने गोण्या ओढून काढल्या. चौघांनी धरलं तेव्हा थांबला. बिल्डरचा माणूस म्हणाला, पोलीस बोलावतो.

"बोलाव," परब धापा टाकत म्हणाला. "येतील तोवर मी ह्याका आणखी चार देतंय." मग सुपरवायझरकडे वळून त्याने डाव्या कानावरचे केस मागे केले. कानाच्या मागून मानेपर्यंत पांढरा, चुरगळलेला व्रण होता. "पाणी फुटलं तर भिजवतं. हवा बंदुकीसारखी सुटते. हा माझा कान हवेने नेला. बाजूला माझा मेव्हणा उभा होता. त्याचं काय नेलं ते विचारू नको, आज जेवायचंय तुला."

पोलीस आले नाहीत. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी दोन टँकर मागवले. हे मी मान्य करतो. माझं भांडण त्या माराबद्दल नाही. माझ्या थपडेबद्दल आहे.

तर माझा पाइप. मुलुंडच्या एका सोसायटीसाठी माल काढला होता. त्यात एका पाइपाला बाहेरून गंजाचा खड्डा होता, करंगळीचं टोक बसेल एवढा. मला वाटलं हा गेला. परबने मोजलं, आजूबाजूला ठोकलं आणि म्हणाला, "पास." मी खूश. पुढच्याच पाइपावर एक सरळ चर होती. पाइपाच्या लांबीच्या दिशेने, माझ्या दंडापासून बोटांपर्यंत भरेल एवढी लांब आणि जेमतेम एका नाण्याच्या जाडीएवढी खोल. बाकी पाइप आरशासारखा. परब म्हणाला, "नापास."

माझं टाळकं फिरलं. "खड्डा पास आणि ओरखडा नापास? काय, दुसऱ्या पार्टीने सांगून पाठवलंय का?"

परबने माझी कॉलर धरली आणि मला फरफटत कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर नेलं. "ह्याका एक मिरची तळून दी. चीर मारू नको."

"चीर नाय मारली तर फुटेल काका," गाडीवाला म्हणाला.

"फुटांदेत."

मिरची तेलात पडली, फुगली आणि फाटकन फुटली. गरम तेल माझ्या मनगटावर उडालं. परबने झाऱ्याने ती मिरची उचलून माझ्या नाकासमोर धरली. "कशी फाटली? उभी. जन्मात मिरची आडवी फुटलेली बघितलीस? पाइप पण असोच. आतल्या पाण्याक पाइप आडवो तोडूक जेवढो जोर लागता, त्याच्या निम्म्यात तो उभो फाडता. खड्डा म्हणजे भोक. भोक गळेल, ओरडेल, कळेल. उभी चर म्हणजे फाडायला घातलेली रेघ. खोली बघत बसतस होय? लांबी बघ. ही चर आली खंयसून?"

चर कुठून आली ते मला पक्कं ठाऊक होतं. क्रेनचं भाडं वाचवायला आम्ही पाइपाला साखळी बांधून ट्रकवरून ओढून उतरवतो. ट्रकच्या फाळक्याची लोखंडी कड त्याच्यावर घासत येते. मी म्हणालो, "काय माहीत."

तो घण शोधायला लागला. मी म्हटलं, उद्या या, आज घण नाही. तो होता, मीच पत्र्याखाली सरकवला होता. त्या संध्याकाळी माझ्या वेल्डर मुन्नाला मी ती चर भरायला सांगितली. मुन्ना नावालाच मुन्ना, माणूस पन्नाशीचा, हात अतिशय साफ. त्याने वेल्डिंगने चर भरली, ग्राइंडर मारून सपाट केली, वर लाल रंग. माझ्या बापाला ओळखू आली नसती.

दुसऱ्या दिवशी परबने त्या पाइपावर फक्त एकदा ठोकलं.

"मुन्ना, हा तुझा हात."

मुन्नाने ग्राइंडर पायाने मागे सरकवला.

"वेल्डिंग कडक होता रे. बाजूचा लोखंड मऊ. मधे सांधो. काल नुसती चर होती, आज तुम्ही तिच्यात काच भरून ठेवलास." रंगाचा डबा शेजारीच होता. त्याने लाथ मारली, तो डबा मुन्नाच्या छातीवर जाऊन उलटा झाला. माझ्या माणसाच्या अंगावर! मी पुढे झालो.

"बोलायचं बंद. पाइप प्रेशरला लावा. फुटला तर मी मान खाली घालीन. टिकला तर तुम्ही पास म्हणायचं."

"टिकलो तरी पास नाय."

"लावा!"

लावला. दोन्ही तोंडांना जाड झाकणं वेल्ड केली. परबने उंच टोकाची तोटी उघडी ठेवून पाणी भरायला लावलं. तोटीतून पाण्याची सलग धार येईपर्यंत ती बंद करू दिली नाही. हवेचा एक बुडबुडा आत ठेवायचा नाही. मग हातपंप. दहा, पंधरा, वीस. वाल्व बंद. त्याने सगळ्यांना पाइपांच्या ढिगामागे घेतलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काटा हलेना. माझी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला राहवलं नाही. मी ढिगामागून बाहेर आलो, सरळ पाइपाजवळ गेलो आणि त्या चरीवर हाताचा पंजा आपटला. "कुठे फुटतोय? दाखवा ना! कुठे फुटतोय?"

परब कधी आला ते दिसलं नाही. "हात काढ मेल्या!" एवढं ऐकू आलं आणि कानाखाली जे बसलं त्याने मी पाइपांच्या दुसऱ्या ढिगावर जाऊन पडलो. ओठ दातात सापडून फाटला. तोंडात रक्त आणि गंज.

पाइप फुटला नाही. पूर्ण वेळ टिकला. काटा खाली आणून झाकणं कापल्यावर परबने पत्र्याखालून घण बरोबर शोधून काढला आणि पाइपाकडे निघाला. मी पहार उचलली. "एक घाव घातलास तर डोकं फोडीन. आईशपथ फोडीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठावरून रक्त हनुवटीवर आलं होतं आणि मी खरोखरच मारणार होतो, हे त्याला दिसलं असावं. त्याने घण खाली ठेवला.

"ठेव. पण विकू नको."

मी विकला नाही. भीती होती म्हणून नव्हे. तो माझा पुरावा होता. बारा वर्षं तो पाइप भिंतीशी उभा होता. नवीन माणूस कामाला आला की मी दाखवायचो, हा बघ, न फुटलेला पाइप. आणि मुन्ना मागून पुटपुटायचा, "काका ने सेठ की जान बचायी थी." प्रत्येक वेळी ओठ नव्याने फाटायचा.

मधल्या काळात मी दुसरं यार्ड घेतलं, क्रेनही घेतली. साखळीने ओढणं बंद केलं. त्याचा परबशी संबंध नाही, क्रेन परवडायला लागली एवढंच. परब निवृत्त झाला. गेल्या वर्षी मी त्याच्या भांडुपच्या घरी जाऊन उभा राहिलो. बारीक झाला होता, गुडघ्यांना पट्टे होते. पंजा मात्र तेवढाच.

"साहेब, तो पाइप अजून आहे."

"विकलंस नाय?"

"नाही. पुन्हा लावू. वीसला टिकला तर तुमच्या गालावर माझी थप्पड. माझ्या माणसांसमोर."

आतून परबकाकू बाहेर आल्या. "काय चाललाय? ह्या वयात मारामाऱ्या?"

"मारामारी नाय गो," परब म्हणाला. "टेस्टिंग." आणि खुंटीवरचा शर्ट घेतला. पंचातली गेजं कपाटात हाताशीच होती.

यार्डात सगळं तसंच मांडलं. तीच झाकणं पुन्हा वेल्ड केली, सलग धार येईपर्यंत पाणी भरलं, मुन्ना पंपावर. ह्या वेळी मी ढिगामागेच उभा राहिलो. वीस आले. वाल्व बंद. वाट पाहिली. काटा जागचा हलला नाही.

"टिकला," मी म्हणालो. "बारा वर्षांपूर्वीही टिकला होता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"दिसता माका. थप्पड तुझी झाली. पण थांब जरा. आता फुटेपर्यंत ने."

"कशाला?"

"तुका बघूचा नाय?"

मला बघायचं होतं. मुन्नाने पंप मारायला घेतला. तीस. चाळीस. साठला पाइपाने कण्हल्यासारखा एक आवाज केला. परबने उजवा कान तिकडे केला. सत्तर. ऐंशीच्या थोडं पुढे त्याने हात वर केला. मुन्नाने वाल्व बंद केला आणि आमच्यामागे धावत आला. परब तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होता. अकरा, बारा...

आवाज असा झाला की छातीत काहीतरी तुटलं असं वाटलं. ढिगातले पाइप एकमेकांवर आपटले, पत्र्याच्या छपराला पाण्याचा फटका बसला आणि एक पत्रा सुटून लोंबायला लागला. मग सगळ्यांच्या डोक्यावर गंजाचा पाऊस. मी पुढे जाऊन पाहिलं. पाइप त्या चरीवरून उभा फाटला होता, दंडापासून बोटांपर्यंत, आणि दोन्ही ओठ बाहेर वळून मुशी माशाच्या जबड्यासारखा उघडा पडला होता. मुन्नाच्या वेल्डिंगची अख्खी पट्टी सुटून एका टोकाला लटकत होती. माझा पंजा त्या दिवशी नेमका जिथे होता, तिथे आता माझं डोकं आत गेलं असतं.

परब गुडघे धरत आला. जबड्यावरून बोट फिरवलं. "धड पाइप ह्याच्या दुप्पट गेलो असतो. अर्धी ताकद त्या साखळीने खाल्ली."

साखळीचं त्याला माहीत होतं. बारा वर्षं.

"पण वीसला फुटला नसता," मी म्हणालो.

"नसता. त्या दिवशी नसता फुटला." तो सरळ उभा राहिला. "रोज पंप चालू-बंद, पाण्याचे दणके, कधीतरी एखाद्या बिल्डिंगीत आग लागली असती आणि तेव्हा फुटला असता. पण ते मी सिद्ध करू शकत नाय. त्या दिवसाची थप्पड फुकट होती. मार." त्याने डावा गाल पुढे केला. "ह्या बाजूला. हा कान आधीच गेलाय. उजव्याने अजून ऐकतंय."

माणसं गोळा झाली होती. बारा वर्षं मी ही घटका मनात इतक्यांदा घडवली होती. मी मारली. मन लावून मारली. परबचं डोकं हललं, तोल गेला, त्याने पाइपाला हात लावून स्वतःला सावरलं. गालावर माझी चार बोटं उठली.

"हा," तो म्हणाला. "बरी होती."

मला वाटलं होतं, हलकं वाटेल. काही वाटलं नाही. सगळे बघत होते आणि मला हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी पंपाकडे गेलो, नळीचा सांधा पान्याने सोडवायला घेतला. जेमतेम अर्धा आटा फिरवला असेल.

"हात काढ मेल्या!"

तोच पंजा, तीच बाजू. मी चिखलात बसलो. पान्याचा आवाज लांब कुठेतरी झाला. परब माझ्यावर वाकून पंपाच्या गेजकडे बोट दाखवत होता. पाइपाचा काटा शून्यावर पडला होता. पंपाचा काटा ऐंशीवरच होता. मधला वाल्व बंद होता आणि त्याच्या अलीकडचं सगळं प्रेशर त्या वीतभर नळीत अडकून होतं.

त्याने स्वतः बसून वाल्व केसाएवढा उघडला. काटा खाली येईपर्यंत मी चिखलातच होतो. शून्यावर आल्यावर त्याने दोनदा टिचकी मारली, दोन्ही गेजं काढून पुसली, पंचात गुंडाळली. मी रिक्षा बोलावली. तो आत बसला तेव्हा त्याचा डावा गाल लाल होता आणि माझाही. मांडीवरचं गाठोडं त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. रिक्षा हायवेकडे वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. बहिरी बाजू आमच्याकडे होती, त्यामुळे मी काय ओरडलो तेही त्याला ऐकू गेलं नाही.

चार महिन्यांनी तो गेला. भांडुपला मी गेलो होतो, काकूंनी ती दोन गेजं मला दिली. ती माझ्या टेबलावर आहेत.

मुन्ना सगळ्यांना सांगत फिरतो, काका ने सेठ को दो बार बचाया. मी त्याला विचारतो, नळी सुटली का? मला लागलं का? सुटली नाही. ती नळी मी तशीच जपून ठेवली आहे, सांध्यासकट, अर्धा आटा फिरवलेली. पण आता लावायची कुणासमोर?